डेस्कटॉपचे रूप कोणाच्या हाती?

मीरा-भाईंदर महानगरपालिका २८ फेब्रुवारी २००२ रोजी अस्तित्वात आली, तेव्हा विंडोज एक्सपी बाजारात येऊन जेमतेम चार महिने झाले होते. २००१ च्या जनगणनेत या शहरात सुमारे ५ लाख २० हजार माणसे होती. २०११ मध्ये हा आकडा ८ लाखांच्या पुढे गेला. मुंबईत जागा परवडेना म्हणून मीरा रोड आणि भाईंदरला आलेल्या कुटुंबांच्या वन-रूम-किचनमध्ये संगणकाचे टेबल शिरले ते याच दशकात. लोकलने ग्रँट रोडला उतरायचे, लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग निवडायचे आणि असेंबल्ड पीसी घरी आणायचा, ही पश्चिम रेल्वेवरच्या अनेक घरांची रीत होती.

तो पीसी सुरू झाला की घरोघरी एकच चेहरा दिसे. खाली निळी पट्टी, डावीकडे हिरवे स्टार्ट बटण आणि मागे हिरवीगार टेकडी. ही टेकडी कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यातली. चार्ल्स ओरिअर या छायाचित्रकाराने १९९६ मध्ये तिचा फोटो काढला होता.

हा चेहरा बदलून आपल्या आवडीचा करायचा, ही हौस संगणकाच्या पडद्याइतकीच जुनी आहे. त्यासाठी बनलेल्या सॉफ्टवेअरला स्किनिंगचे सॉफ्टवेअर म्हणतात आणि त्याच्या इतिहासाला आता तीन दशके होत आली. त्याचा आढावा घ्यायचा तर तीन गोष्टी तपासाव्या लागतात. बदल किती खोलवर करता येतो? त्याची परवानगी कोण देतो? आणि त्या नव्या रूपात मराठी नीट मावते का? पहिल्या दोन प्रश्नांवर जगभर भरपूर लिहिले गेले. तिसऱ्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही, आणि मराठी वापरणाऱ्यासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

बदलाचे तीन थर

पहिला थर सर्वांच्या ओळखीचा: वॉलपेपर, रंग, आयकॉन, माउसचा बाण, स्क्रीनसेव्हर. विंडोजमध्ये याची सोय जुनीच आहे. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये तयार रंगसंगतींची यादीच होती आणि १९९५ मध्ये विंडोज ९५ सोबत आलेल्या ‘प्लस’ या जोड-संचात वॉलपेपर, आवाज, आयकॉन आणि बाण एकाच थीममध्ये बांधून मिळू लागले. महाराष्ट्रात हा थर गावोगाव पोचला तो एमएस-सीआयटीमुळे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या या अभ्यासक्रमातून लाखो मराठी माणसांनी पहिल्यांदा माउस हातात धरला, आणि वॉलपेपर बदलणे हा विंडोजच्या पहिल्या धड्यांतला एक. आपण काहीतरी केले आणि संगणकाने ते ऐकले, याचा नवशिक्याला मिळणारा तो पहिला पुरावा होता.

दुसऱ्या थरात डेस्कटॉपवर नव्या वस्तू येतात. घड्याळ, हवामान, बॅटरी, प्रोसेसरवरचा ताण, चालू असलेले गाणे अशी माहिती दाखवणाऱ्या या वस्तूंना विजेट किंवा गॅजेट म्हणतात.

तिसरा थर सर्वांत खोल. यात खिडकीची चौकट, तिची बटणे, टास्कबार आणि मेनू यांचे रूपच पालटते. काही सॉफ्टवेअर तर विंडोजचे नेहमीचे एक्सप्लोरर बाजूला सारून त्याच्या जागी वेगळेच कवच बसवतात.

विनॅम्पच्या खिडकीतून

स्किन हा शब्द घरोघरी पोचवला तो विनॅम्पने. जस्टिन फ्रँकेलने १९९७ मध्ये हे गाणी वाजवणारे सॉफ्टवेअर काढले आणि १९९८ मध्ये त्याला स्किन घालण्याची सोय आली. मुख्य खिडकी २७५ बाय ११६ पिक्सेलची. स्किन म्हणजे बटणे, पट्ट्या आणि अंक यांची काही बिटमॅप चित्रे, एका झिप फाइलमध्ये बांधलेली. प्रोग्रामिंग येण्याची गरज नव्हती. विंडोजमधल्या पेंटवरही काम भागे. या सोपेपणामुळे जगभरातल्या हौशी लोकांनी हजारो स्किन बनवली आणि त्यांतली अनेक आज इंटरनेटवरच्या संग्रहांत जपलेली आहेत.

पूर्ण डेस्कटॉपचे रूप बदलण्याचे काम व्यवसाय म्हणून उभे केले ते स्टारडॉक या अमेरिकी कंपनीने. ब्रॅड वॉर्डेल यांची ही कंपनी आधी आयबीएमच्या ओएस/२ साठी सॉफ्टवेअर बनवत असे. तिथले ‘ऑब्जेक्ट डेस्कटॉप’ १९९५ मध्ये आले. पुढे विंडोजकडे वळून तिने नव्वदीच्या अखेरीस ‘विंडोब्लाइंड्स’ आणले. चालत्या खिडक्यांच्या चौकटींवर ते स्वतःची चित्रे रंगवत असे. त्याच सुमारास ‘लाइटस्टेप’ने अख्खे कवच बदलून दाखवले. मॅकवर ग्रेग लँडवेबर आणि आर्लो रोझ यांचे ‘कॅलिडोस्कोप’ हेच काम करत होते. रोझ यांनीच नंतर २००३ मध्ये ‘कॉन्फॅब्युलेटर’ काढून विजेटची कल्पना रुजवली; २००५ मध्ये याहूने ते विकत घेतले.

आपल्याकडे हे सगळे पोचायला इंटरनेट अपुरे होते. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वांसाठी इंटरनेट खुले केले, पण टेलिफोनवरून चालणाऱ्या जोडणीवर काही एमबींची फाइल उतरवणे म्हणजे तासांचे आणि फोनबिलाचे काम. त्यामुळे ‘डिजिट’सारख्या मुंबईहून निघणाऱ्या मासिकांसोबत मिळणाऱ्या सीडी फार मोलाच्या होत्या. त्यांतली मोफत सॉफ्टवेअर, वॉलपेपर आणि चाचणी आवृत्त्या एका पीसीवरून दुसऱ्यावर जात. सायबर कॅफेत मात्र हौसेला वाव कमी. डेस्कटॉप कुलूपबंद असे, किंवा पीसी पुन्हा सुरू केला की सर्व बदल पुसून मूळ रूप आणणारे सॉफ्टवेअर बसवलेले असे.

दार उघडते, दार मिटते

या इतिहासात एक क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. बाहेरची माणसे एखादी सोय शोधतात, ती लोकप्रिय होते, मग ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारी कंपनी ती स्वतःच्या घरात घेते आणि काही काळाने बंद करते.

एक्सपीमध्ये थीमचे इंजिन विंडोजच्याच पोटात आले, पण मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही नसलेली थीम ते स्वीकारत नसे. निळा, ऑलिव्ह हिरवा आणि रुपेरी एवढेच पर्याय पेटीतून मिळत. बाकीच्यांसाठी लोकांनी यूएक्सथीम ही सिस्टिम फाइलच बदलायला सुरुवात केली. ॲपलने मॅकचे ‘ॲक्वा’ हे पाणीदार रूप दाखवल्यावर त्याची नक्कल करणारी स्किन काढून टाकायला लावण्यासाठी वकिलांच्या नोटिसा गेल्या. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाने साइडबार आणि गॅजेट आणले. २०१२ च्या जुलैमध्ये गॅजेटमधून संगणकात घुसखोरी होऊ शकते असे सांगून मायक्रोसॉफ्टनेच ती बंद करण्याचा सल्ला दिला. व्हिस्टा आणि विंडोज ७ ची काचेसारखी पारदर्शक चौकट विंडोज ८ मध्ये गेली. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने टास्कबार पडद्याच्या तळाशी बांधून टाकला. विंडोज ९५ पासून तो डावीकडे, उजवीकडे किंवा वर नेता येत असे.

कंपन्यांच्या बाजूला सबळ कारणेही आहेत. बदललेली सिस्टिम फाइल पुढच्या अपडेटनंतर जुळत नाही आणि संगणक अडतो. अनोळखी गॅजेट म्हणजे अनोळखी प्रोग्राम. सुरक्षेसाठी ते दार बंद करणे समजण्यासारखे आहे. टास्कबार हलवण्याची मुभा काढून घेण्याला मात्र सुरक्षेचे कारण देता येत नाही, आणि वापरणाऱ्यांचा राग होता तो अशाच निर्णयांवर.

रूप बदलण्याच्या हक्काला किंमतही लावली गेली. छोट्या, स्वस्त नेटबुकवर येणाऱ्या विंडोज ७ स्टार्टर आवृत्तीत वॉलपेपरसुद्धा बदलता येत नसे. २००८ पासून एक्सपीची प्रत अस्सल नसल्याचे आढळले की डेस्कटॉपची पार्श्वभूमी दर तासाला काळी होई. आजही सक्रिय न केलेल्या विंडोजवर वैयक्तिकीकरणाची पाने मिटलेली असतात. चोरीच्या प्रतीला आळा घालणे कंपनीचा हक्क आहे. पण स्टार्टर घेणाऱ्याने पैसे मोजलेले होते. कमी पैसे देणाऱ्याला आपल्या मुलीचा फोटोही पडद्यावर लावता येऊ नये, हा निर्णय वाईटच होता.

देवनागरीला जागा किती?

आता तिसरा प्रश्न. विनॅम्पच्या जुन्या स्किनमध्ये गाण्याचे नाव सरकत जाते, ते एका चित्रफाइलमधल्या अक्षरांतून. त्या चित्रात रोमन अक्षरे, अंक आणि काही चिन्हे असतात. प्रत्येकासाठी ५ बाय ६ पिक्सेलची जागा. एवढ्या जागेत ‘क्षी’ किंवा ‘र्ध्वं’ कसे बसावे? वर रफार आणि अनुस्वार, मध्ये शिरोरेषा आणि जोडाक्षर, खाली उकार. सहा पिक्सेलच्या उंचीत हे मावत नाही. शिवाय देवनागरीत अक्षरे एकमेकांना जोडून आकार बदलतात, म्हणून मोजक्या चौकोनांचा तक्ता पुरत नाही.

हीच अडचण मोठ्या स्किनमध्येही येते. खिडकीची वरची पट्टी म्हणजे ठरावीक उंचीचे चित्र. तिची उंची रोमन अक्षरांना पुरेल अशी आखलेली असते. तिथे मराठी फाइलचे नाव आले की वरची वेलांटी किंवा खालचा उकार छाटला जातो. वाचणारा अंदाजाने वाचतो, पण ‘कल’ आणि ‘कुल’ यांतला फरक अंदाजावर सोडता येत नाही.

एक्सपीत तर मराठी नीट दिसण्यासाठी आधी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन जटिल लिप्यांचा आधार वेगळा बसवावा लागे, आणि त्यासाठी मूळ सीडी हाताशी लागे. त्यानंतर दिसणारा फॉन्ट म्हणजे मंगल. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक आरेखन केंद्रात शिकवलेले सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी तो रेखाटला. पडद्यावर मराठी वाचण्याची सवय एका पिढीला मंगलनेच लावली. विंडोज ८ पासून मेनू आणि खिडक्यांसाठी निर्मला यूआय आला. विंडोज ७ साठी मराठी भाषेचा इंटरफेस पॅकही मोफत मिळत होता. म्हणजे मेनू मराठी करणे शक्य होते. मात्र बाहेरून आणलेली स्किन त्या मराठी मेनूंचा विचार करून बनलेली नसत.

युनिकोडपूर्व काळातल्या शिवाजी, किरण अशा फॉन्टचा मोह इथे टाळायला हवा. त्यांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली आहेत. असा फॉन्ट मेनूसाठी निवडला तर ‘फाइल’ आणि ‘एडिट’ हे इंग्रजी शब्द निरर्थक देवनागरी अक्षरांत दिसू लागतात.

आज हाताशी काय आहे

ज्याला फार खोलात जायचे नाही, त्याने विंडोजच्याच सेटिंग्जपासून सुरुवात करावी. अक्षरांचा आकार २२५ टक्क्यांपर्यंत वाढवता येतो आणि ठळक विरोधी रंगांच्या कॉन्ट्रास्ट थीम मिळतात. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या आजोबांसाठी याहून उपयोगी स्किन नाही. हलते वॉलपेपर हवे असतील तर ‘वॉलपेपर इंजिन’ विकत आणि ‘लाइव्हली वॉलपेपर’ मोफत मिळते. जुन्या लॅपटॉपवर दोन्ही बॅटरी खातात.

दुसऱ्या थरासाठी ‘रेनमीटर’ला आज तोड नाही. किम्मो पेक्कोला यांनी २००१ मध्ये सुरू केलेले हे सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्तस्रोत आहे. त्याची रचना समजायला सोपी. स्किन म्हणजे एक साधी मजकुराची फाइल. तिच्यात ‘मेजर’ नावाचे भाग माहिती गोळा करतात आणि ‘मीटर’ नावाचे भाग ती दाखवतात. फाइल नोटपॅडमध्ये उघडून रंगाचा आकडा बदलला, की स्किन पुन्हा लोड करताच बदल दिसतो.

मराठीसाठी रेनमीटरमध्ये चार गोष्टी सांभाळल्या की काम होते. फाइल यूटीएफ-१६ प्रकारात जतन करायची. नाहीतर मराठी अक्षरांच्या जागी विचित्र चिन्हे येतात. वारांची इंग्रजी नावे ‘सब्स्टिट्यूट’ या पर्यायाने बदलून मंडेच्या जागी सोमवार आणायचा. इंग्रजी अंकांच्या जागी मराठी अंकही याच मार्गाने येतात. मजकुराच्या चौकोनाला पक्की उंची द्यायची नाही, किंवा वर-खाली मोकळी जागा सोडायची, म्हणजे मात्रा छाटल्या जात नाहीत. आणि मराठी अक्षरे असलेला फॉन्ट नाव देऊन सांगायचा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने बनवलेला ‘मुक्ता’ फॉन्ट सात वजनांत मोफत मिळतो आणि पडद्यावर लहान आकारातही स्वच्छ दिसतो.

हवामानाच्या स्किनबाबत सावध राहावे. ती दुसऱ्या कोणाच्या सेवेवरून माहिती उचलतात. २०१९ च्या सुरुवातीला याहूने आपली हवामानसेवा बाहेरच्यांसाठी बंद केली, तेव्हा तिच्यावर अवलंबून असलेली असंख्य स्किन एका दिवसात रिकामी पडली. रेनमीटरच्या संचात बाहेरचे प्लगिनही असू शकतात आणि ते प्रोग्रामच असतात, म्हणून ओळखीच्या ठिकाणाहूनच संच घ्यावा.

तिसऱ्या थरात विंडोब्लाइंड्स आणि स्टार्ट मेनूसाठी स्टार्ट११ ही स्टारडॉकची उत्पादने अजून मिळतात. ‘विंडहॉक’ आणि ‘एक्सप्लोररपॅचर’ मोफत आहेत. इथे धोका सर्वाधिक. २०२४ मध्ये विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीच्या चाचणी टप्प्यात अशा काही सॉफ्टवेअरना नाव ओळखून अडवले गेले. कार्यालयाच्या किंवा दुकानाच्या हिशेबाच्या संगणकावर या वाटेला जाऊच नये.

लिनक्सवर परिस्थिती वेगळी आहे. तिथे डेस्कटॉपच निवडीचा विषय. १९९६ मध्ये मॅथियास एट्रिच यांनी सुरू केलेल्या केडीई या डेस्कटॉपमध्ये पट्टी कोणत्याही कडेला नेता येते आणि चौकटी, रंग, आयकॉन वेगवेगळे बदलता येतात. ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये थीम सीएसएसमध्ये लिहिली जाते. पण २०१९ मध्ये काही ग्नोम ॲप-निर्मात्यांनी खुले पत्र लिहून, थीम लादल्याने आमची ॲप बिघडतात अशी तक्रार केली, आणि नंतरच्या आवृत्त्यांत थीमला वाव कमी झाला. हा वाद मुक्तस्रोतातही चुकलेला नाही. मराठीसाठी लिनक्सचा एक मोठा लाभ आहे. ग्नोम आणि केडीईची मराठी भाषांतरे उपलब्ध आहेत. डेस्कटॉपची भाषा मराठी ठेवली की, फॉन्टमध्ये सोय असल्यास, पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठी वळणे आपोआप उमटतात. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ न पेलणारे पीसी भंगारात देण्याऐवजी त्यांवर लिनक्स मिंटसारखी प्रणाली बसवता येते, आणि रूप बदलण्याची सर्वाधिक मोकळीक तिथेच मिळते.

मराठी रूपासाठी सामग्री

चित्रांची आपल्याकडे वाण नाही. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हललेल्या रविवर्मा छापखान्यात छापलेली रविवर्मांची स्वतःची चित्रे प्रताधिकाराच्या मुदतीबाहेर आहेत. राजा रविवर्मा १९०६ मध्ये वारले. वारली चित्रकला तर ठाणे-पालघरची, म्हणजे मीरा-भाईंदरच्या शेजारची. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन आणि रेघा, गेरूच्या जमिनीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग: पडद्यावर स्पष्ट उठून दिसणारी इतकी नेटकी रंगसंगती शोधून मिळणार नाही. रेनमीटरला वर्तुळे आणि रेघा स्वतः काढता येतात, म्हणून तारपा या वाद्याभोवती फिरणारे घड्याळ चित्रफाइलशिवायही उभे राहील. वारलीला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे. हे काम वारली कलाकारांसोबत, त्यांना श्रेय आणि मोबदला देऊनच व्हायला हवे. वॉलपेपरसाठी घोडबंदरचा किल्ला किंवा उत्तनच्या किनाऱ्यावरच्या होड्या आहेतच. आपल्या पडद्याच्या पूर्ण पिक्सेलमापात काढलेला स्वतःचा फोटो उतरवून घेतलेल्या धुरकट चित्रापेक्षा केव्हाही सरस.

माहितीच्या बाजूने सर्वांत मोठी उणीव पंचांगाची आहे. मराठी घरात भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे तारखेपेक्षा चतुर्थी, एकादशी आणि सुट्टीसाठी जास्त पाहिले जाते. तिथी साध्या घड्याळातून निघत नाही. सूर्य आणि चंद्र यांच्यातले कोनीय अंतर १२ अंशांनी वाढले की तिथी बदलते, आणि महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो. पण वर्षाच्या तिथी आणि सण एका मजकूर-फाइलमध्ये लिहून ठेवले तर रेनमीटरमधली छोटी लुआ स्क्रिप्ट आजची ओळ उचलून दाखवू शकते.

तेव्हा आढाव्याचा निष्कर्ष असा. खोलवरच्या स्किनिंगचा काळ विंडोजवर उतरणीला लागला आहे आणि त्यावर वेळ घालवणे शहाणपणाचे नाही. विजेटचा थर आणि लिनक्सचे डेस्कटॉप मात्र खुले आहेत. तिथे मराठीसाठी काम करायला कोणाची परवानगी लागत नाही. मराठी वार-महिने, मराठी अंक, तिथी-सण, मात्रांना पुरेशी उंची आणि मुक्त परवान्याचा मराठी वळणाचा फॉन्ट असलेला एक नीट बांधलेला संच, ही आजची गरज आहे. उपयोजित कला आणि अभियांत्रिकीचे दोन-तीन विद्यार्थी एका सुट्टीत तो उभा करू शकतील. तो करताना फाइल खुली ठेवावी, प्रत्येक ओळीपुढे मराठीत टीप लिहावी आणि संच एमएस-सीआयटीच्या केंद्रांपर्यंत पोचवावा. म्हणजे तिथे वॉलपेपर बदलायला शिकणाऱ्याला पुढची पायरी आपल्याच भाषेत मिळेल.